दुसऱ्या ह्युबर्टचा दाखला

ह्युबर्टला विलायतेची शिष्यवृत्ती मिळाली ती अठराशे सत्त्याऐंशी साली, ईस्टरच्या आठवड्यात. तो माझा भाऊ, माझ्याहून दीड वर्षानं मोठा, मुंबईच्या युनिव्हर्सिटीत बी. ए.च्या वर्गात. मुंबईतल्या कुणा शेटजींनी एक फंड ठेवला होता, त्यातून दरसाल एका मुलाला डॉक्टरी शिकायला एडिंबरोला धाडत. यंदा तो मुलगा आमच्या कोलशेतचा निघाला. बातमी आली तेव्हा बाबा मिठागरावर होते. ते तिथले मुकादम. गुडघ्यापर्यंत खाऱ्या चिखलानं माखलेले तसेच घरी आले, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिलं विचारलं ते, "बोटीचं भाडं कोण देनार?"

भाडं आपलंच होतं. फी आणि तिथलं राहणं-खाणं फंडाचं. जाण्याचं भाडं आणि गरम कपडे घरचे. दोन्ही मिळून पाचशे रुपये. बाबांना महिन्याला पंधरा मिळत, त्यामुळे पुढचा हिशेब करायला बी. ए. व्हायची गरज नव्हती.

ते पाचशे माझ्या अंगावरून आले. खरं तर ते सोनं अजून माझ्या अंगावर चढलंही नव्हतं. आईनं आपलं आणि आजीचं मिळून माझ्या लग्नासाठी डब्यात राखून ठेवलेलं, आणि लग्न नाताळानंतर ठरलेलं. नवरा मुलगा टेरेन्स, कल्याणला रेल्वेत फिटर. तो म्हणाला, दोन वर्षं थांबतो. त्याची आई काहीच म्हणाली नाही, आणि ते मला जास्त लागलं. मी मोठ्या मनानं सोनं दिलं असं आमची आई पुढं सगळ्यांना सांगायची. ते खोटं आहे. मी तीन दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते.

पण एकदा दिलं म्हटल्यावर मीही त्यात शिरले. बोटीच्या कचेरीत निम्मं भाडं भरून आलो, सप्टेंबरच्या सतरा तारखेची बोट ठरली. ठाण्याच्या शिंप्यानं जाड लोकरीचे दोन कोट शिवले. मे महिन्याच्या उन्हात ह्युबर्ट ते घालून ओटीवर बसायचा, म्हणे सवय करतो. घामानं निथळायचा. मी काटा-चमचा मांडून त्याला बोंबलाचं कालवण वाढायची आणि तो काट्यानं बोंबील पकडायला बघायचा. बोंबील काही सापडायचा नाही. आई हसून हसून पदर तोंडाला लावायची. तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

ऑगस्टच्या पाच तारखेला फंडाच्या कमिटीचं पत्र आलं.

ह्युबर्टनं ते वाचलं आणि ओटीवर खाली बसला. कमिटीनं लिहिलं होतं: उमेदवाराचं वय एकवीस वर्षांच्या आत पाहिजे. आपण जोडलेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरून आपला जन्म चौसष्ट सालचा, म्हणजे आपलं वय तेवीस. महिनाअखेरपर्यंत समाधानकारक खुलासा न आल्यास शिष्यवृत्ती दुसऱ्या उमेदवारास देण्यात येईल.

ह्युबर्ट एकोणीस वर्षांचा होता. चौसष्ट साली जन्मलेला ह्युबर्ट दुसरा होता, आणि तो कधीच मेला होता.

हे समजायला आमची चाल माहीत पाहिजे. आमच्यात थोरल्या मुलाला आजोबाचं नाव देतात. तो लहानपणीच गेला तर पुढच्या मुलाला तेच नाव, म्हणजे आजोबाचं नाव घरात उभं राहतं. आमच्या गावात अशी चार घरं होती. त्यात कुणाचा गोंधळ होत नाही, कारण कोण गेला आणि कोण आहे हे गावाला ठाऊक असतं. गोंधळ कागदाचा होतो. बाबांचं नाव पायस. ते ठाण्याच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, दाखला काढायला गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "पायसचा मुलगा ह्युबर्ट." इगर्जीतल्या माणसानं वही उघडली, पायसचा मुलगा ह्युबर्ट सापडला, त्यानं उतरून दिलं. बाबांना दाखल्यावरची लॅटिन वाचता येत नव्हती, आणि ह्युबर्टनं तो न उघडताच अर्जाला जोडला. आणि 'दोन होते, त्यातला दुसरा' हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारतच नव्हतं, तर ते इगर्जीत जाऊन कुठून बोलणार?

मला वाटलं, एवढंच ना, दुसरा दाखला काढू. पाद्रीबाबांनी तो एका दिवसात दिला. ह्युबर्ट तो घेऊन मुंबईला धावला आणि दुसऱ्या दिवशी उतरलेल्या चेहऱ्यानं परत आला. कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले, नाव तेच, आईबाप तेच, दाखले दोन. तुम्ही यातले दुसरे कशावरून? लोक वय चोरण्यासाठी काय वाटेल ते कागद आणतात. पहिला मेला असेल तर त्याच्या दफनाची नोंद आणा.

पाद्रीबाबांनी सासष्ट सालची मृतांची वही पानन्पान पाहिली. ते पटकीच्या साथीचं साल, पानं भरून नावं. त्यात आमचा ह्युबर्ट नव्हता. नोंद नाही असं त्यांनी लिहून दिलं. प्रामाणिक माणूस, दुसरं काय लिहिणार?

मला हे नवलच वाटलं. कारण पहिल्या ह्युबर्टची कबर मी स्वतः पाहिलेली होती. दरसाल नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, आई आम्हाला तिथं न्यायची. इगर्जीच्या मागं भिंतीपासून तिसरा, एक बुटका उंचवटा, नाव नसलेला. आई गवत उपटायची, झेंडूची फुलं घालायची, मेणबत्ती लावायची आणि त्याच्याशी बोलायची. "ह्युबर्ट, हा बघ ह्युबर्ट," असं ती माझ्या भावाला पुढं करून म्हणायची. लहानपणी त्याला त्याची भीती वाटायची.

त्या संध्याकाळी बाबांनी मला आणि ह्युबर्टला मिठागराच्या झोपडीत बोलावलं. पावसाळ्यात तिथं कुणी नसतं. बाबा टोपलीवर बसले आणि बराच वेळ पायाचा चिखल काडीनं खरवडत राहिले.

"तिथं तो नाय," ते म्हणाले.

मग सगळं सांगितलं. साथीत आई आणि पोरगा दोघंही एकाच दिवशी पडले. पोरगा दुपारी गेला. आई बेशुद्ध. ठाण्याच्या वाटेवर पहारा बसवलेला, गावातून प्रेत बाहेर काढायची बंदी. गाडीवानानं नकार दिला. बाबांनी धाकूला हाक मारली. धाकू आगरी, मिठागरावरचा त्यांचा सोबती. दोघांनी मिळून पोराला चादरीत गुंडाळलं आणि मिठागराच्या बांधावर पुरलं. बाबांना येत होत्या तेवढ्या प्रार्थना त्यांनी म्हटल्या. दहा दिवसांनी आई उठून बसली आणि तिनं विचारलं, कुठं ठेवलात? बाबा म्हणाले, इगर्जीत. मग एक दिवस ती म्हणाली, मला दाखवा. त्यांनी भिंतीपासून तिसरा उंचवटा दाखवला.

"कोनाचा हाय तो?" मी विचारलं.

"काय ठाऊक. कोनातरी पोराचा."

ह्युबर्ट म्हणाला, "मग मी जात नाही. राहू दे."

"राहू दे म्हनं," बाबा एकदम चिडले. "बहिणीचं सोनं विकलं तवा नाय सुचलं?"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलेलं. मेलेल्या भावाचं वाईट वाटायच्या आधी मला माझं सोनं आठवलं, भरलेलं निम्मं भाडं आठवलं, टेरेन्सच्या आईचं गप्प राहणं आठवलं. ह्युबर्ट गेला नाही तर सगळंच फुकट. तो मास्तर होईल, मी थांबून थांबून म्हातारी होईन. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली आणि तरी मी तेच मोजत राहिले.

ठाण्याच्या वकिलानं तोड सांगितली. मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत शपथेवर लिहून द्यायचं: पहिला मुलगा अमुक साली मेला, हा दुसरा. आईची जबानी पाहिजे, आणि नात्याबाहेरच्या कुणा माणसाची, ज्यानं दफन डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे धाकूची. धाकू म्हणाला, येतो. त्यानं बाबांकडं बघून एवढंच विचारलं, "वैनीला सांगितलंव का?"

बाबांनी सांगितलं नव्हतं. ते म्हणायचे, पोराची बोट सुटू दे, मग सांगतो. एकवीस वर्षं ज्या माणसाला जमलं नाही त्याला बोट सुटल्यावर काय जमणार होतं, देव जाणे. मी म्हटलं, मग मी सांगते. त्यांनी माझा हात धरला. माझ्या बापानं माझा हात असा कधी धरला नव्हता. मी गप्प बसले.

त्यांनी आईला निरोप दिला तो असा: कचेरीत फक्त साल सांग, पोरगा मेला म्हणून सांग, बाकी काही बोलू नको. पण आई त्या कल्पनेनं वेगळीच झाली होती. मला वाटलेलं ती रडेल. ती तर तयारीला लागली. ठेवणीतलं लाल लुगडं काढून तिनं उन्हात टाकलं. मी मसाला कुटत होते आणि ती शेजारी बसून मिरच्यांची देठं काढत पाठ केल्यासारखं म्हणत होती, "जानेवारीत जन्मला. चालाया लागलेला. पटकीत गेला. इगर्जीच्या मागं ठेवलाय, भिंतीपासून तिसरा."

"जागा सांगू नको म्हनलेत बाबा," मी म्हटलं.

"का नको? इतक्या वर्सांनी सरकार त्याचं नाव लिहून घेनार. कुठं हाय तो नको सांगू?"

माझ्या हातातली मुसळी थांबली. सांगायची वेळ तीच होती. आई माझ्याकडं बघत होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. धाकू बांध सांगणार आणि ही इगर्ज सांगणार. दोन जबान्या जुळल्या नाहीत तर कमिटी सगळंच बनावट म्हणणार. तिच्यासाठी आणि ह्युबर्टसाठी, दोघांसाठी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "मिरच्या अजून दे." आणि कुटत राहिले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑगस्टच्या सव्वीस तारखेला आम्ही बैलगाडीनं ठाण्याला गेलो. आई, बाबा, ह्युबर्ट, मी आणि मागं पाय सोडून बसलेला धाकू. बाबांचा बेत असा, की धाकूची जबानी आधी उरकायची, तेवढा वेळ आईला बाहेरच्या पडवीत बसवायचं, मग तिला आत न्यायचं आणि कारकुनाला हात जोडून सांगायचं की बाई अडाणी आहे, साल विचारा आणि सोडा.

पहिला भाग जमला. धाकू आत गेला. मी दारात उभी राहून एक कान आत आणि एक डोळा आईवर ठेवला. कारकून पुण्याकडचे कुणी वयस्कर गृहस्थ होते, नाकावर चष्मा, बोलणं स्वच्छ. धाकूनं शपथ घेतली. "खड्डा मीच खनला, साहेब. बापूस आनि मी, दोघंच होतू. मिठागराच्या बांधावर." लेखणी कुरकुरत होती. आई पडवीत बाकावर ताठ बसलेली, लाल लुगड्यात, गळा मोकळा.

मग तिला हाक आली. बाबा पुढं होऊन काही म्हणू लागले तर कारकुनांनी त्यांना हातानंच मागं सारलं.

"बाई, आपलं नाव?"

"सुझाना."

"आपल्याला मुलगे किती झाले?"

"दोन," आई म्हणाली. तिच्या तोंडून हा आकडा मी पहिल्यांदा ऐकला. "दोगंपन ह्युबर्ट. मोठा पटकीत गेला, सासष्टात, अडीच वर्साचा होता. हा धाकटा." तिनं ह्युबर्टच्या दंडाला हात लावला.

कारकुनांनी लिहून घेतलं. साल झालं, मरण झालं, धाकटा झाला. आता पुरे, मी मनात म्हणत होते. आता अंगठा घ्या.

"मयताचं दफन कुठं झालं?"

"इगर्जीच्या मागं," आईनं लगेच सांगितलं. "भिंतीपासून तिसरा."

लेखणी थांबली. कारकुनांनी चष्मा वर सरकवून आधीचा कागद पाहिला, मग आईकडं पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना त्यांचं काम करायचं होतं. "बाई, या साक्षीदारानं मिठागराच्या बांधावर म्हणून सांगितलंय. इगर्जीच्या पाद्र्यांचाही कागद आहे, त्यांच्याकडे नोंद नाही. मला एकच काहीतरी लिहावं लागेल. यातलं खरं कोणतं?"

आईनं धाकूकडं पाहिलं. धाकूनं मान खाली घातली. मग तिनं बाबांकडं पाहिलं. बाबा भिंतीला टेकले होते. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली नाही, तेवढं तरी केलं. बहुतेक त्यातच तिला कळलं की मलाही ठाऊक होतं.

ह्युबर्ट म्हणाला, "आई, चल. काही नको आपल्याला."

"तू गप," आई म्हणाली. मग कारकुनांकडं वळून तिनं अगदी सावकाश सांगितलं, "मी तवा सुद्धीवर नव्हते, साहेब. धाकू होता. त्याचं लिहा."

त्यांनी लिहिलं. सगळं मराठीत वाचून दाखवलं. 'मिठागराच्या बांधावर' हे शब्द आले तेव्हा आईनं मान हलवली, बरोबर आहे अशी. मग अंगठा दिला. शाई पुसायला मी माझा पदर पुढं केला, तर तिनं स्वतःच्या लाल लुगड्यालाच बोट पुसलं. तो डाग पुढं कधी गेला नाही.

परतीच्या वाटेवर गाडी मिठागराजवळ आली तशी ती म्हणाली, "थांबवा." उतरली आणि धाकूला म्हणाली, "चल, दाखव."

आम्ही सगळे मागून गेलो. भरती होती, मिठागर सगळं पाण्याखाली, फक्त बांध वर. धाकू चालला, थांबला, परत मागं आला. एकवीस वर्षांत बांध तीनदा फुटला होता आणि तीनदा नवी माती पडली होती. तो बिचारा हातानं दाखवत म्हणाला, "हितपासून त्या झुडपापरत, वैनी. ह्याच्यातच कुठंतरी. खोटं नाय सांगत."

आई त्या झुडपापर्यंत चालत गेली. मग परत आली. मग पुन्हा गेली. रडली नाही. वाऱ्यानं लुगडं अंगाला चिकटत होतं आणि ती बांधाच्या मधून न चालता कडेकडेनं चालत होती, पाय पडू नये म्हणून. बाबा "सुझाना, सुझाना" म्हणत तिच्या मागं दोन पावलं गेले, तिनं वळून पाहिलं नाही. पुढं तीन आठवडे ती त्यांच्याशी बोलली नाही. त्यांचं ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही.

कमिटीनं जबानी मान्य केली. तीस तारखेला पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं तेव्हा घरात कुणी टाळी वाजवली नाही. उरलेलं निम्मं भाडं भरलं. पेटी आली, एक कोट घडी करून आत गेला, लोणच्याची बरणी त्यात गुंडाळली. ह्युबर्ट दिवसातून चारदा पेटी उघडायचा आणि पुन्हा लावायचा. बोट पकडायला बाबा त्याच्याबरोबर मुंबईला जाणार होते. आई आणि मी ठाण्याच्या स्टेशनापर्यंत.

स्टेशनवर अर्धं गाव जमलं होतं. प्रत्येकाचा एकेक उपदेश. पाद्रीबाबा म्हणाले, रविवारची मिस्सा चुकवू नको. शेजारणी म्हणाल्या, तिकडची मडम आणू नको. बाबा म्हणाले, दारूला शिवू नको. मी म्हटलं, माझं सोनं घेऊन ये. तो हसला आणि त्याचे डोळे भरले.

आई शेवटी आली. तिनं त्याच्या कोटाची वरची गुंडी लावली. सप्टेंबरच्या उकाड्यात त्याला ती काही नको होती, पण त्यानं लावू दिली.

"तिकडं कोन तुझ्या ओळखीचा असंल," ती म्हणाली, "त्याला पयल्याच दिवशी सांगून ठेव. तुला काय झालं तर चिठ्ठी धाडायची. खरं लिहायचं. कुठं ठेवला तेपन लिहायचं, जागा नीट. चिठ्ठी माझ्या नावानं. बापसाच्या नावानं नको."

बाबा दोन हातांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"असं का बोलतेस?" ह्युबर्ट म्हणाला. "आणि तुला कुठं वाचता येतं?"

"एमा वाचील."

गाडीची घंटा झाली. आईनं माझ्याकडं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मला राग चालला असता.

"वाचशील ना गं? सगळं वाचशील? मधलं काय गाळनार नायस?"

"नाय गाळनार," मी म्हटलं.

तिनं मला पुन्हा विचारलं.